कुत्र्यांमधील अश्रुडाग

अश्रुडाग म्हणजे कुत्र्याच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यापासून खाली, नाकाच्या कडेने किंवा गालावर उतरणारा तांबूस-तपकिरी रंगाचा पट्टा. अश्रू डोळ्यातून ओसंडून सतत केसांवर झिरपत राहिले म्हणजे हा डाग पडतो. माल्टीज, बिशॉन फ्रिझे, पूडल, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पेकिनीज या जातींच्या, विशेषतः पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या कुत्र्यांमध्ये तो ठळकपणे दिसतो. अश्रुडाग हा स्वतः रोग नाही. ते एक चिन्ह आहे. त्यामागे चेहऱ्याच्या ठेवणीतील निरुपद्रवी दोष असू शकतो, तसाच दृष्टी गमावण्याइतका गंभीर नेत्रविकारही असू शकतो. म्हणून डाग कसा घालवावा या प्रश्नाच्या आधी अश्रू का वाहतात हा प्रश्न येतो. बाजारातील बहुतेक उत्पादने मात्र केवळ डागाचाच विचार करतात.

स्वरूप

अश्रू बाहेर ओसंडण्याच्या अवस्थेला पशुवैद्यकात अश्रुस्राव म्हणतात. ही अवस्था आणि डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या किंवा गडद तपकिरी कुत्र्याच्या डोळ्यांतून पांढऱ्या कुत्र्याइतकेच पाणी वाहत असले तरी त्याच्या केसांवर काहीच दिसत नाही, आणि त्यामुळे त्याच्या डोळ्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. फिकट केसांच्या कुत्र्याला डाग पडतो हे त्या दृष्टीने त्याच्या फायद्याचेच म्हणावे लागेल.

डाग ताजा असताना फिकट गुलाबी किंवा गंजासारखा असतो. ऊन लागले आणि दिवस गेले की तो गडद होत जातो. केस सतत ओले राहिल्यामुळे एकमेकांना चिकटतात, त्यांच्या जटा होतात, आणि खालची त्वचा लाल व नाजूक बनते. अशा ओलसर जागी मॅलॅसेझिया या किण्वाची आणि काही जिवाणूंची वाढ होते. तसे झाले म्हणजे त्या जागेला आंबूस वास येतो आणि कुत्रा तोंड जमिनीवर किंवा सतरंजीवर घासू लागतो.

कुत्रा ‘रडत असल्यामुळे’ डाग पडतात, हा समज बराच रूढ आहे. माणसाप्रमाणे दुःखाने अश्रू ढाळण्याची क्रिया कुत्र्यांमध्ये आढळत नाही. जपानमधील अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मालकाशी पुन्हा भेट झाल्यावर कुत्र्यांच्या डोळ्यांतील अश्रूंचे प्रमाण काहीसे वाढल्याचे नोंदवले आहे. परंतु ही वाढ मोजपट्टीच्या कागदानेच कळण्याजोगी होती. गालावरून ओघळणाऱ्या पाण्याशी आणि डागाशी तिचा संबंध जोडता येत नाही.

रंग कोठून येतो

अश्रू रंगहीन असतात. त्यांचा डाग मात्र रंगीत असतो, याचे मुख्य कारण पॉर्फिरिन या वर्गातील संयुगे होत. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. त्याच्या रेणूतील हीम हा भाग म्हणजे पॉर्फिरिनचे एक कडे आणि त्याच्या मध्यभागी बसलेला लोहाचा अणू. वनस्पतींच्या हरितद्रव्यातही याच कुळातील कडे असते, फक्त तेथे लोहाच्या जागी मॅग्नेशियम असते. पॉर्फिरिन हे नाव जांभळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे.

शरीरात हीम तयार होताना व जुन्या तांबड्या पेशी मोडल्या जाताना उरणारी ही रंगद्रव्ये मुख्यतः पित्तावाटे आतड्यात जाऊन विष्ठेतून बाहेर पडतात. कुत्र्यांमध्ये त्यांचा थोडा अंश अश्रू, लाळ आणि मूत्र यांतही उतरतो. केसांवर पडलेले पाणी वाळते, रंगद्रव्य मागे राहते, आणि उजेडाच्या परिणामाने ते अधिक गडद होते. अतिनील किरणांच्या दिव्याखाली पॉर्फिरिन गुलाबी-लाल रंगाने चमकते. अश्रूंमध्ये लॅक्टोफेरिन हे लोह धरून ठेवणारे प्रथिनही असते आणि गंजासारखी छटा येण्यात त्याचाही वाटा असल्याचे सांगितले जाते.

कुत्रा पंजे सारखे चाटत असेल तर पंजांवरील पांढरे केसही असेच तांबूस होतात, कारण लाळेतही हीच द्रव्ये असतात. डोळ्याखालचा डाग आणि पंजावरचा डाग एकाच कुत्र्यात दिसले तर त्वचेच्या अ‍ॅलर्जीची शंका घेणे योग्य ठरते. उंदरांमध्ये हे चित्र आणखी ठळक असते. त्यांच्या डोळ्यांमागील एका ग्रंथीतून इतके पॉर्फिरिन स्रवते की आजारी किंवा ताणाखालील उंदराच्या डोळ्यांभोवती रक्त साकळल्यासारखे दिसते. प्रयोगशाळेत नव्याने काम करणारे विद्यार्थी ते पाहून अनेकदा घाबरतात.

अश्रूंचा मार्ग

डोळ्याचे आरोग्य अश्रूंवर अवलंबून असते. डोळ्याच्या पृष्ठभागावर त्यांचा तीन थरांचा पातळ पडदा असतो. सर्वांत आत श्लेष्म्याचा, मध्ये पाण्याचा आणि वर तेलकट थर. तेलकट थर पापण्यांच्या कडांवरील ग्रंथींमधून येतो आणि पाणी लवकर उडून जाऊ देत नाही. पाण्याचा थर दोन ग्रंथींमधून येतो. एक डोळ्याच्या वरच्या बाहेरील बाजूस असते. दुसरी तिसऱ्या पापणीच्या मुळाशी असते. तिसरी पापणी म्हणजे कुत्र्याच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात दडलेला पातळ पडदा. कुत्रा झोपेत असताना तो डोळ्यावर अर्धवट सरकलेला पुष्कळांनी पाहिलेला असतो. एकूण पाण्यापैकी एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक वाटा या दुसऱ्या ग्रंथीचा असतो. ही गोष्ट पुढे शस्त्रक्रियेच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

वापरलेले अश्रू बाहेर नेण्यासाठी नाकाकडील कोपऱ्यात, वरच्या व खालच्या पापणीच्या आतल्या कडेला प्रत्येकी एक बारीक छिद्र असते. त्यांना अश्रुरंध्रे म्हणतात. तेथून सूक्ष्म नळ्यांतून पाणी अश्रुपिशवीत आणि पुढे हाडातून जाणाऱ्या अश्रुनलिकेत उतरते. नलिका नाकपुडीच्या आत, पुढच्या भागात उघडते. कुत्र्याचे नाक ओलसर राहण्यास हे पाणीही काही अंशी हातभार लावते. पापणीची प्रत्येक उघडझाप म्हणजे या नळ्यांना दिलेला एक हलका पंपाचा दाब होय.

अश्रू गालावर येण्याची कारणे यावरून दोनच उरतात. एक तर पाणी गरजेपेक्षा जास्त तयार होत असले पाहिजे, नाहीतर त्याच्या निचऱ्याच्या वाटेत अडथळा असला पाहिजे. पुष्कळ कुत्र्यांमध्ये दोन्ही थोड्याथोड्या प्रमाणात असतात आणि म्हणूनच एकाच उपायाने काम भागत नाही.

निचऱ्यातील अडथळे

आखूड नाकाच्या जातींमध्ये डोळ्याची खोबण उथळ असते, डोळा पुढे आलेला असतो आणि नाकाकडील कोपऱ्यातील पापण्या डोळ्यावर घट्ट बसलेल्या असतात. या ठेवणीमुळे अश्रुरंध्रे दाबली जातात. खालच्या पापणीचा आतला कोपरा किंचित आत वळलेला असल्यास त्याखालची सूक्ष्म नळी मुडपते. भर म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातील मांसल उंचवट्यावर बारीक केस उगवलेले असतात. दिव्यातील वात जशी तेल ओढून घेते, तसे हे केस डोळ्यातील पाणी ओढून गालावर आणतात. अशा कुत्र्याच्या नलिकेत काहीही अडकलेले नसते. ती मोकळी असूनही पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. माल्टीज, पूडल, शिह त्झू यांच्यात दोन्ही डोळ्यांखाली लहानपणापासून दिसणारे सारखे डाग बहुधा या प्रकारचे असतात.

काही पिल्लांमध्ये अश्रुरंध्र जन्मतःच उघडलेले नसते, त्यावर पातळ पडदा असतो. कॉकर स्पॅनियल जातीत हा दोष अधिक आढळतो. दुसऱ्या काही कुत्र्यांमध्ये रंध्र असते, पण नलिका श्लेष्म्याने, जुन्या संसर्गामुळे किंवा आत शिरलेल्या काडीकचऱ्याने बंद झालेली असते. अश्रुपिशवीला सूज आल्यास डोळ्याच्या कोपऱ्यातून पू येतो आणि त्या जागी दाब दिल्यास कुत्रा मान मागे घेतो.

पाणी वाढवणारी कारणे

डोळ्याला काहीही खुपले की पाणी वाढते. पापणीच्या कडेवर चुकीच्या जागी उगवलेली पापणीची लव, पापणीच्या आतून थेट पारपटलावर टेकणारा एखादा केस, नाकावरच्या घडीतील केसांचे सतत घासणे, पापणी आत वळणे ही त्यातील नेहमीची कारणे. यांपैकी काही केस इतके बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. नेत्रश्लेष्म्याचा दाह, धुळीची किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी, चुलीचा व उदबत्तीचा धूर, फटाक्यांचा धूर, सुगंधी फवारे यांनीही डोळे पाणावतात. दुधाचे दात पडून पक्के दात येण्याच्या वयात, म्हणजे साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात, काही पिल्लांच्या डोळ्यांना तात्पुरते पाणी येते आणि पुढे आपोआप कमी होते. वयस्क कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर डोळ्याखाली सूज येते. ती नेत्रविकाराची आहे असे समजून अनेकदा डोळ्यातच औषध घातले जाते.

यांहून गंभीर कारणे म्हणजे पारपटलावरील व्रण, डोळ्यातील दाब वाढणे म्हणजे काचबिंदू, आणि डोळ्याच्या आतील भागाचा दाह. ही तिन्ही वेदनादायक असतात. काचबिंदूत उपचारास एकदोन दिवसांचा उशीरही दृष्टी कायमची हिरावून घेऊ शकतो.

एक विकार येथे स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण तो दिसायला अश्रुस्रावासारखा आणि प्रत्यक्षात त्याच्या उलट असतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा अश्रुग्रंथींवरच हल्ला करते आणि डोळे कोरडे पडू लागतात. पाण्याचा थर कमी झाल्यावर श्लेष्मा वाढतो, डोळ्यांत चिकट, पिवळसर-हिरवट चिपडे साचतात आणि कोपऱ्यात वाळून तपकिरी खपली धरतात. घरच्यांना वाटते, डोळ्यांतून फार स्राव होतो आहे, आणि ते दिवसातून चार वेळा पुसत राहतात. दरम्यान पारपटल खरबरीत होते, त्यावर रक्तवाहिन्या व काळपट रंगद्रव्य पसरते आणि दृष्टी मंदावते. सायक्लोस्पोरिनचे नेत्रमलम आणि कृत्रिम अश्रू यांनी हा विकार बहुतेक कुत्र्यांमध्ये आटोक्यात राहतो, पण उपचार सहसा जन्मभर चालतात. शिह त्झू, ल्हासा अप्सो, पग, कॉकर स्पॅनियल या जातींना त्याची विशेष प्रवृत्ती असते. अश्रुडागांसाठी प्रसिद्ध असलेल्या जातींतील काही नावे या यादीतही असल्यामुळे गोंधळ वाढतो.

तपासणी

पशुवैद्य प्रथम विचारतात ते डागाचे वय आणि बाजू. पिल्लू घरी आले तेव्हापासून दोन्ही डोळ्यांखाली सारखेच डाग असतील आणि डोळे उघडे, टपोरे, स्वच्छ असतील, तर चेहऱ्याची ठेवण हे कारण संभवते. मोठ्या वयात, अचानक, एकाच डोळ्याला पाणी येऊ लागले तर व्रण, कुसळ, नलिकेतील अडथळा किंवा डोळ्यातील दाब यांचा शोध घ्यावा लागतो.

त्यानंतरच्या दोन चाचण्या सोप्या असून साध्या दवाखान्यातही होतात. पहिली शिर्मर चाचणी. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ साली माणसांसाठी ती सुचवली. टीपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट अडकवतात आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. निरोगी कुत्र्यात हे अंतर १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. १० पेक्षा कमी असल्यास डोळा कोरडा असल्याची दाट शंका घेतात. वर सांगितलेला उलटा विकार या एका मिनिटात उघडकीस येतो.

दुसरी चाचणी फ्लुओरेसिन या रंगाची. आडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली हा रंग तयार केला. त्याचा थेंब डोळ्यात घालून निळ्या प्रकाशात पाहिले असता पारपटलावर व्रण असेल तेवढीच जागा हिरवी चमकते. हाच रंग पुढे निचऱ्याचीही परीक्षा करतो. नलिका मोकळी असेल तर साधारण पाच ते दहा मिनिटांत नाकपुडीत हिरवा ठिपका दिसतो. तो दिसला नाही म्हणजे नलिका बंदच आहे असे मात्र नाही. आखूड नाकाच्या कुत्र्यांमध्ये नलिका नाकाच्या मागच्या भागातही उघडत असल्याने रंग घशाकडे उतरतो आणि जिभेवर सापडतो. खात्री करून घ्यायची असल्यास अश्रुरंध्रातून बारीक नळीने निर्जंतुक सलाइन सोडून पाहतात. पडदा किंवा श्लेष्मा अडकलेला असेल तर याच क्रियेत वाट मोकळीही होते.

डोळा मिटून घेणे, सतत मिचकावणे, पंजाने चोळणे, उजेड टाळणे, बुबुळावर निळसर किंवा पांढुरकी छटा येणे, पिवळा-हिरवा पू येणे, ही लक्षणे दिसल्यास डागाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जाणे आवश्यक असते.

दैनंदिन निगा

तपासणीत उपचार करण्याजोगे कारण सापडले नाही, तर उरते ती रोजची निगा. ती साधी असते, पण तिच्यात खंड पडून चालत नाही. डोळ्याखालची जागा कोरडी ठेवणे हे तिचे सर्वांत मोठे सूत्र होय. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा निर्जंतुक सलाइनमध्ये मऊ सुती कापडाचा तुकडा भिजवून, डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली व बाहेरच्या दिशेने हलकेच पुसतात. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा तुकडा घेतात. सुटा कापूस टाळलेला बरा, कारण त्याचे धागे डोळ्यात राहतात. वाळलेली खपली ओढून न काढता ओल्या कापडाने मिनिटभर दाबून मऊ करतात आणि मग बारीक दातांच्या फणीने उतरवतात. शेवटी कोरड्या कापडाने जागा टिपून घेतात. ही शेवटची पायरीच बहुतेक घरांत गाळली जाते आणि ओले केस तसेच राहिल्याने पुसण्याचा उपयोग होत नाही.

लांब केसांच्या कुत्र्यांमध्ये कपाळावरचे केस डोळ्यांत येऊ नयेत म्हणून डोक्यावर बुचडा बांधण्याची पद्धत आहे. शिह त्झू आणि माल्टीज यांची ती ओळखच बनली असली तरी तिचा उपयोग शोभेपुरता नाही. केस कापायचे झाल्यास बोथट टोकाची कात्री वापरावी आणि दुसऱ्या माणसाने कुत्र्याचे डोके स्थिर धरावे. डोळ्याच्या अगदी लगतचे केस अर्धवट कापणे मात्र उलट त्रासदायक ठरते. नव्याने वाढणारी आखूड, ताठ टोके पारपटलाला टोचतात आणि पाणी आणखी वाढते.

डाग पडलेला केस पुन्हा पांढरा होत नाही. नवा केस वाढून जुना कापला जाईपर्यंत काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागते. आठवडाभरात फरक न दिसल्याने निराश होऊन लोक तीव्र उपायांकडे वळतात आणि इजा बहुधा तेथेच होते. हायड्रोजन पेरॉक्साइडने केस उजळतात खरे, पण त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी पारपटल भाजू शकते. बोरिक पावडर कुत्र्याने चाटली तर विषारी ठरते. माणसांसाठीचे स्टिरॉइडयुक्त थेंब घरात पडून असतात म्हणून घातले जातात. पारपटलावर व्रण असताना ते घातल्यास व्रण झपाट्याने खोल जाऊन डोळा फुटू शकतो. हळदीचा लेप लावल्यास एक डाग जाण्याऐवजी दुसरा पडतो. डाग झाकण्यासाठी लावलेल्या पांढऱ्या भुकट्या डोळ्यात उडून खुपतात.

आहार बदलणे, पाण्यात व्हिनेगर मिसळणे, गाळलेले पाणी देणे, प्लॅस्टिकऐवजी स्टीलचे भांडे वापरणे हे उपाय सर्रास सुचवले जातात. स्टीलचे भांडे घासून स्वच्छ ठेवणे सोपे असते आणि प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत जंतू साचतात, एवढ्यापुरता तो सल्ला रास्त आहे. व्हिनेगरने डाग जातात याला विश्वासार्ह आधार नाही. अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली असेल तरच आहार बदलण्याचा डोळ्यांना फायदा होतो.

प्रतिजैविकांचा प्रश्न

अश्रुडागांसाठी तोंडावाटे देण्याच्या काही भुकट्या अमेरिकेत व अन्यत्र अनेक वर्षे लोकप्रिय होत्या. त्यांतील परिणामकारक घटक टायलोसिन हे प्रतिजैविक होते. टायलोसिन गुरे, डुकरे व कोंबड्या यांच्या रोगांवर वापरले जाते. ते मॅक्रोलाइड या वर्गात मोडते, आणि माणसांना दिली जाणारी एरिथ्रोमायसिन व अ‍ॅझिथ्रोमायसिन ही औषधे त्याच वर्गातील आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली अशी उत्पादने विकणाऱ्या कंपन्यांना ताकिदीची पत्रे पाठवली. कुत्र्यांमध्ये वापरण्यास किंवा अश्रुडागांसाठी टायलोसिनला मंजुरी नाही आणि त्याची सुरक्षितता व उपयुक्तता या कामासाठी तपासली गेलेली नाही, असे प्रशासनाने जाहीर केले.

या भुकट्यांनी डाग फिके होत असत, हे नाकारता येत नाही. त्यामुळेच त्या खपत होत्या. परंतु अश्रूंचे वाहणे त्यांनी थांबत नसे. फक्त रंग कमी होत असे, आणि भुकटी बंद केली की डाग परत येत. म्हणजे केवळ दिसण्यासाठी एका निरोगी प्राण्याला महिनोन्‌महिने अल्प मात्रेत प्रतिजैविक देत राहावे लागे. जिवाणूंमध्ये प्रतिरोध निर्माण होण्यास याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असेल. घरात वावरणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यातील प्रतिरोधी जिवाणू त्याच घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचू शकतात. शिवाय त्यामागे एखादा खरा नेत्रविकार असेल तर डाग नाहीसा झाल्याने त्याची खूणच पुसली जाते.

टेट्रासायक्लिन वर्गातील औषधांनीही डाग कमी होतात. पिल्लांना ती दिल्यास येणाऱ्या पक्क्या दातांवर कायमचा पिवळसर डाग पडतो. डोळ्याखालचा डाग घालवून दातांवर घेण्याचा हा व्यवहार कोणालाच मान्य होणार नाही. पण औषधाच्या दुकानात विचारून गोळी देणाऱ्याला त्याची कल्पना नसते. नलिकेला किंवा डोळ्याला जिवाणूंचा संसर्ग झाला असल्यास पशुवैद्य ठरावीक दिवसांसाठी प्रतिजैविक देतात. तो वापर वेगळा आणि योग्य होय.

शस्त्रक्रिया

पूर्वी अश्रू कमी करण्यासाठी तिसऱ्या पापणीच्या ग्रंथीचा काही भाग कापून काढत असत. पाणी कमी होई, डागही जाई. परंतु पाण्याचा मोठा वाटा देणारी ग्रंथीच गेल्याने पुढे डोळा कोरडा पडण्याचा धोका निर्माण होई. कोरड्या डोळ्याची प्रवृत्ती असलेल्या जातींत तर हा उपाय मूळ तक्रारीपेक्षा महाग पडे. आज या शस्त्रक्रियेची शिफारस केली जात नाही.

आजच्या शस्त्रक्रिया कारणानुरूप असतात. बंद अश्रुरंध्र उघडणे, आत वळलेली पापणी सरळ करणे, चुकीच्या जागी उगवलेले केस मुळापासून नष्ट करणे हे त्यांतील मुख्य प्रकार. पुढे आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांमध्ये नाकाकडील कोपरा शिवून अरुंद करण्याची शस्त्रक्रियाही करतात. तिने कोपऱ्यातील केस आणि वळलेली पापणी यांचा प्रश्न एकदम सुटतो आणि डोळ्याचे रक्षणही होते. केवळ डागासाठी, डोळा निरोगी असताना, शस्त्रक्रिया करणे सामान्यतः योग्य मानले जात नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रातील घरांत ‘पामेरियन’ म्हणून ओळखले जाणारे पांढरे, झुबकेदार शेपटीचे कुत्रे बहुधा इंडियन स्पिट्झ असते. त्याचे तोंड निमुळते असल्याने निचऱ्याचा दोष त्याच्यात तुलनेने कमी आढळतो. पांढऱ्या केसांमुळे थोडेसे पाणीही दिसून येते, एवढेच. अशा कुत्र्याला मोठ्या वयात डाग पडू लागला तर चेहऱ्याच्या ठेवणीवर बोट ठेवता येत नाही. कारण शोधावेच लागते. २००३ च्या सुमारास दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका मोबाइल सेवेच्या जाहिरातीनंतर पग जातीला शहरांत मोठी मागणी आली, आणि नंतरच्या काळात शिह त्झूही लोकप्रिय झाला. सदनिकेत राहणाऱ्यांना ही लहान कुत्री सोयीची वाटतात. आखूड नाकाचे नेत्रदोष त्यांच्याबरोबरच घरात येतात.

ग्रामीण भागात व शहरांच्या कडेला पावसाळा संपल्यावर कुसळी गवत वाळते. त्याची अणकुचीदार कुसळे कुत्र्यांच्या कानांत, पंजांत आणि तिसऱ्या पापणीच्या मागे शिरतात. माळावर फिरून आल्यावर एकाच डोळ्याला अचानक धार लागली, तर प्रथम कुसळाचा संशय घेतात. ते घरी चिमट्याने काढू नये. मोडलेले टोक आत राहते. मुंबईत परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणची शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये येथे अशा तपासण्या व उपचार केले जातात.

जातींची निवड आणि प्रजनन

सपाट चेहरा, मोठे डोळे आणि कपाळावर घडी हे गुण माणसाने आपल्या आवडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले आहेत. माणसाच्या बाळाशी असलेले साम्य हे त्या आवडीचे एक कारण मानतात. अश्रुडाग हा या निवडीचा सर्वांत सौम्य परिणाम. त्याच ठेवणीमुळे श्वास घेण्यातील अडचण, उष्णतेने गुदमरणे आणि पारपटलावरील वारंवारचे व्रण येतात. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात त्यांतील उष्णतेचा धोका विशेष जाणवतो.

नेदरलँड्समध्ये २०१४ पासून संततीच्या आरोग्यास हानी पोहोचेल असे प्रजनन करण्यास कायद्याने मनाई आहे. तेथे २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार, कुत्र्याच्या तोंडाच्या पुढे आलेल्या भागाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर त्याचे प्रजनन करता येत नाही. पापण्यांची ठेवण आणि नाकावरच्या घडीचे डोळ्याला लागणे यांचाही त्या तपासणीत समावेश आहे. पिल्लू विकत घेताना त्याच्या आईवडिलांचे डोळे पाहण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. पापणी आत वळण्यासारखे दोष वंशाने पुढे जातात. विक्रीसाठी आणलेल्या पिल्लाचे तोंड नुकतेच धुऊन पुसलेले असते. त्याच्या आईच्या गालावरचा पट्टा मात्र सहसा तसाच असतो.